'एस्च्युअरी' म्हणजे खाडीच का? अर्थ आणि वापर यांविषयी शंका

मांजराकाठ, लातूर

मी लातूर जिल्ह्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीच्या वर्गाला भूगोल शिकवते. मुलांची घरची भाषा मराठी आहे, काहींची दखनी उर्दू आहे, आणि बहुतेकांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पाठ्यपुस्तकात नर्मदा आणि तापी या पश्चिमवाहिनी नद्या 'एस्च्युअरी' करतात, तर गोदावरी, कृष्णा, कावेरी या पूर्ववाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश तयार करतात, अशा आशयाचा मजकूर आहे. त्रिभुज प्रदेश नकाशावर दाखवता येतो, त्यामुळे तो मुलांना समजतो. एस्च्युअरी मात्र 'नदीचे रुंद मुख' एवढ्यावरच थांबते आणि तेवढ्याने माझे स्वतःचेही समाधान होत नाही.

मराठी प्रतिशब्द शोधले असता कुठे 'खाडी', कुठे 'नदीमुख', तर कुठे 'नदीमुखखाडी' असे आढळले. त्यातच हिंदी वृत्तवाहिन्यांमुळे 'खाडी' म्हटले की मुलांना दुबई आणि कुवेत आठवतात, कारण आपण ज्याला आखात किंवा उपसागर म्हणतो त्या दोहोंनाही हिंदीत 'खाडी'च म्हणतात. म्हणून जाणकारांना विचारते की या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय, ठाण्याची खाडी किंवा दाभोळची खाडी यांना एस्च्युअरी म्हणावे का, आणि त्रिभुज प्रदेश व एस्च्युअरी या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे जे पुस्तकातून ध्वनित होते ते कितपत खरे आहे?

दुधनाकाठ, सध्या मुक्काम गोवा

मूळचा जालना जिल्ह्यातला असलो तरी कामानिमित्त अनेक वर्षे मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांशी माझा संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एस्च्युअरी हा शब्द मुखाचा आकार सांगत नाही, तिथल्या पाण्याची स्थिती सांगतो. समुद्रशास्त्रात सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या डोनाल्ड प्रिचर्ड यांनी 1967 मध्ये मांडली. तिचा आशय असा की, किनाऱ्यावरचा जो अर्धबंदिस्त जलभाग खुल्या समुद्राशी मोकळेपणाने जोडलेला असतो आणि ज्यातले समुद्राचे पाणी जमिनीवरून वाहत येणाऱ्या गोड्या पाण्यामुळे मोजता येईल इतके सौम्य झालेले असते, तो एस्च्युअरी होय. यात अर्धबंदिस्तपणा, समुद्राशी मोकळी जोड आणि गोड्या पाण्याने होणारी सौम्यता अशा तीन अटी आहेत आणि त्यांतली एक जरी सुटली तरी तो शब्द लागू पडत नाही. खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि नदीच्या पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असतात. या दोन टोकांच्या मधली प्रत्येक पायरी जिथे काही किलोमीटरच्या अंतरात सापडते, ती जागा म्हणजे एस्च्युअरी.

वर्गात सांगायला आपल्याच बाजूचे एक उदाहरण सुचवतो. जालना जिल्ह्याच्या सीमेपलीकडे असलेल्या लोणारच्या सरोवराचे पाणी खारे आहे आणि काठावरच्या धारेचे गोडे पाणी बारमाही त्यात पडते. म्हणजे खारे आणि गोडे पाणी तिथेही एकत्र येते, परंतु समुद्राशी जोड नसल्यामुळे लोणारला कोणी एस्च्युअरी म्हणणार नाही. याच्या उलट बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात गंगा-ब्रह्मपुत्रेचे इतके पाणी येते की तिथला समुद्रही पुष्कळ सौम्य होतो, पण तो अर्धबंदिस्त नाही म्हणून वगळला जातो. कच्छच्या आखातात तिसरी अट सुटते, कारण तिथे नदीचे पाणी फारसे येत नाही आणि बाष्पीभवन प्रचंड आहे, त्यामुळे आत जावे तसतशी क्षारता वाढत जाते. अशा जलभागाला समुद्रशास्त्रज्ञ 'उलटी एस्च्युअरी' म्हणतात.

शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'एस्टस', म्हणजे भरती, हा शब्द आहे आणि अर्थ लक्षात ठेवायला तो उपयोगी पडतो. भरतीचे पाणी नदीत वर चढते आणि ओहोटीबरोबर नदीचे पाणी समुद्राकडे ओढले जाते, असे हे दिवसातून दोनदा चालते. मात्र ही दोन पाणी लगेच एकजीव होतात असे नाही. नदीला जोर असेल आणि भरती मंद असेल, तर येसराच्या आमटीवर तर्री तरंगावी तसे हलके गोडे पाणी वर राहते आणि जड खारे पाणी पाचरीसारखे तळातून आत घुसते. भरतीचा जोर मोठा असेल तर मात्र वरपासून खालपर्यंत पाणी घुसळले जाऊन मचूळ होते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी, पण वेगवेगळ्या ऋतूंत दिसतात. पावसाळ्यात मांडवीला पूर असताना मुखापर्यंतचे वरचे पाणी जवळजवळ गोडे असते आणि उन्हाळ्यात वरून येणारे पाणी इतके आटते की खारेपणा नदीत पुष्कळ आतवर पोहोचतो. इंग्रजी पुस्तकांत टेम्स किंवा सेव्हर्नची जी चित्रे असतात, ती बारमाही वाहणाऱ्या नद्यांची असतात. ती पाहून आपल्या नद्यांविषयी अंदाज बांधला तर तो निम्मे वर्ष चुकतो.

अभ्यासिका, नांदेड

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने शब्दांचा प्रश्न शिल्लक राहतो, त्याविषयी लिहितो.

'खाडी' आणि 'क्रीक' या दोन शब्दांनी गोंधळ वाढवला आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील जवळजवळ प्रत्येक नदीमुखाला मराठीत खाडी म्हणतात आणि तिथल्या बंदराचे किंवा गडाचे नाव त्या खाडीला मिळालेले असते. सावित्री नदीची ती बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्री नदीची जयगडची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची आणि वाघोटणची विजयदुर्गची. इंग्रजी नकाशांवर यांतल्या बहुतेक ठिकाणी 'क्रीक' असेच छापलेले असते. ब्रिटिश इंग्रजीत भरतीचे पाणी शिरणाऱ्या चिंचोळ्या खाचेला क्रीक म्हणतात, म्हणून ते नाव पडले. अमेरिकन इंग्रजीत मात्र क्रीक म्हणजे साधा ओढा. त्यामुळे अमेरिकन मजकुरात हा शब्द आला आणि वाचणाऱ्याने 'खाडी' असा अर्थ घेतला, तर समुद्रापासून हजार किलोमीटरवर खाडी निघते. उताऱ्यावरील प्रश्नांत हा सापळा असू शकतो.

ठाणे आणि दाभोळ यांच्याविषयी आपण विचारले आहे. दाभोळची खाडी निःसंशय एस्च्युअरी आहे, कारण तिला वाशिष्ठीसारखी नदी आहे, आणि कोयना प्रकल्पातून वीज निर्माण झाल्यावर सोडलेले पाणीही त्याच नदीतून तिला मिळते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिलेले हे पाणी 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, ही संख्या परीक्षेसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ठाण्याच्या खाडीला मात्र वरून मोठी नदी मिळत नाही. तिचे वरचे टोक एका अरुंद वाटेने उल्हास नदीला जोडलेले आहे आणि उल्हासचे मुख्य पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. म्हणून काटेकोर बोलायचे तर वसईची खाडी ही उल्हासची एस्च्युअरी, आणि ठाण्याची खाडी ही पावसाळा वगळता बहुतांशी समुद्राचाच आत आलेला हात आहे. सन 2022 मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हाच्या इंग्रजी नोंदींतही 'ठाणे क्रीक' असेच नाव आहे.

माझे मत असे की, उत्तरपत्रिकेत पहिल्या उल्लेखाला 'नदीमुखखाडी' लिहावे आणि पुढे 'खाडी' म्हणावे. सर्व नदीमुखखाड्या या खाड्या आहेत, पण सर्व खाड्या नदीमुखखाड्या नाहीत. नुसते 'नदीमुख' हा शब्द या अर्थाने मला पटत नाही, कारण त्रिभुज प्रदेशातल्या फाट्यालाही मुख असतेच. हिंदी वृत्तवाहिन्यांचा गोंधळ टाळायचा असेल तर आखात, उपसागर आणि खाडी हे तीन शब्द एकदा फळ्यावर शेजारीशेजारी लिहून प्रत्येकासमोर पर्शियन, बंगालचा आणि दाभोळची अशी उदाहरणे दिली की पुरेसे होते.

मांजराकाठ, लातूर

दोघांचेही आभार. ठाणे आणि वसई यांतील फरक मला नवा आहे.

त्रिभुज प्रदेशाविषयीची शंका अजून शिल्लक आहे. आमच्या पुस्तकाखेरीज मार्गदर्शिकांमध्ये असे कारण दिलेले असते की पश्चिमवाहिनी नद्या कठीण खडकातून आणि तीव्र उतारावरून वाहतात, गाळ कमी आणतात, म्हणून त्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत. कोकणातील लहान नद्यांपुरते ते पटते. परंतु 1312 किलोमीटर लांबीची नर्मदा आणि 724 किलोमीटर लांबीची तापी यांच्याकडे गाळ नसेल, हे स्वीकारणे जड जाते. तापीच्या खोऱ्यातली काळी माती तर सर्वांना माहीत आहे. शिवाय, आपली गोदावरी समुद्राला मिळते तिथे भरती येत नाही का?

दुधनाकाठ, सध्या मुक्काम गोवा

येते, आणि आपण योग्य जागी बोट ठेवले आहे.

गाळ आणणे आणि गाळ मुखाशी टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नर्मदा आणि तापी दोन्ही भरपूर गाळ आणतात, पण त्या खंबातच्या आखातात उतरतात, आणि तिथे भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरपेक्षाही जास्त होतो. तीन मजली इमारतीएवढे पाणी दिवसातून दोनदा चढत-उतरत असेल तर गाळ मुखाशी पंख्यासारखा पसरून बसू शकत नाही. त्याचा मोठा भाग प्रवाहाबरोबर आखातात फिरत राहतो, आणि जो साचतो तो नर्मदेच्या मुखातील आलियाबेटासारख्या बेटांच्या आणि लांबट दांड्यांच्या रूपात साचतो. आंध्रच्या किनाऱ्यावर गोदावरीच्या मुखाशी हाच फरक दीड मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे नदीचा जोर चालतो आणि ती जमीन पुढे ढकलत नेते. कठीण खडक आणि उतार हे कारण अगदीच निराधार नसले तरी, नर्मदा-तापीच्या बाबतीत भरतीचा उल्लेख न करता ते शिकवणे मला अपुरे वाटते.

दुसरा मुद्दा काळाचा आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, आणि नद्यांनी त्या खालच्या समुद्राला मिळण्यासाठी दऱ्या खोदल्या होत्या. बर्फ वितळल्यावर समुद्र वर आला आणि त्या दऱ्यांमध्ये शिरला. जगातल्या बहुतेक एस्च्युअरी अशा बुडालेल्या दऱ्या आहेत. ज्या नद्यांनी नंतरच्या हजारो वर्षांत ती दरी गाळाने भरून काढली आणि त्याही पुढे जमीन तयार केली, त्यांचे त्रिभुज प्रदेश झाले. ज्यांना ते जमले नाही, त्यांच्या खाड्या राहिल्या. त्यामुळे 'नदी एस्च्युअरी तयार करते' हे वाक्य इंग्रजीत रूढ असले, तरी त्यातले क्रियापद अर्थाचा घोळ करते. त्रिभुज प्रदेश नदी बांधते हे खरे आहे, पण एस्च्युअरीत समुद्र नदीच्या घरात आलेला असतो. मराठीत 'तापी खाडीतून समुद्राला मिळते' असे म्हटले की हा दोष आपोआप जातो.

आता गोदावरी. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमच्या खाली तिचे गौतमी आणि वसिष्ठ असे मुख्य फाटे होतात आणि तिथून त्रिभुज प्रदेश सुरू होतो. परंतु त्यातल्या प्रत्येक फाट्याच्या शेवटच्या टप्प्यात भरतीचे पाणी शिरतेच, आणि म्हणून शास्त्रीय लेखनात 'गौतमी-गोदावरी एस्च्युअरी' असा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. शेजारच्या कोरिंगाच्या कांदळवनाला मचूळ पाणी मिळते ते याच व्यवस्थेतून. उन्हाळ्यात धवलेश्वरमच्या बंधाऱ्यातून खाली येणारे पाणी जवळजवळ थांबते आणि समुद्र फाट्यांत वर सरकतो. हुगळीचे उदाहरण आणखी ठळक आहे. ती गंगेच्या त्रिभुज प्रदेशाचा भाग असूनही तिचे खालचे पात्र भारतातल्या सर्वांत मोठ्या एस्च्युअरींमध्ये गणले जाते. तेव्हा त्रिभुज प्रदेश हे जमिनीचे नाव आणि एस्च्युअरी हे पाण्याचे नाव आहे, आणि दोन्ही एकाच ठिकाणी सुखेनैव नांदतात. पुस्तकातली विभागणी नद्यांचे ढोबळ वर्गीकरण म्हणून चालेल, व्याख्या म्हणून चालणार नाही.

जाता जाता 'लगून' या शब्दाबद्दलही लिहितो, कारण पुढच्याच धड्यात तो येईल. वाळूच्या दांड्याने समुद्रापासून अंशतः तोडलेला उथळ जलभाग म्हणजे लगून, आणि ओडिशातील चिल्का हे त्याचे परिचित उदाहरण. आपल्या पुस्तकांत त्याला 'खाजण' म्हणतात. गोव्यात मात्र खाजण म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, आणि तिथले पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दाराला 'मानस' म्हणतात. येथील शेतकऱ्यासमोर चिल्काला खाजण म्हटले तर तो भाताचे पीक कसे आहे ते विचारेल.

सीनाकाठ, धाराशिव

वाचताना एक जाणवले, ते नोंदवतो. मांजरा, तेरणा, दुधना, पूर्णा यांचे पाणी गोदावरीत जाते आणि आमच्या सीना-बोरीचे भीमेतून कृष्णेत. म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ सगळे पाणी त्रिभुज प्रदेशांकडे जाते. समुद्राला मिळणारे पाणी 'वाया जाते' असे आपण दुष्काळी भागातले लोक सहज बोलतो, आणि पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरी खोऱ्यात आणण्याच्या मागणीत तर हे वाक्य हमखास असते. ती मागणी मला रास्त वाटते, कारण टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला खाडीतल्या क्षारतेचे गणित सांगण्यात अर्थ नाही. मात्र वरची चर्चा पाहता त्या पाण्याचे खाडीतही काही काम असते असे दिसते. नर्मदेच्या मुखाशी याचा काही अनुभव आहे काय?

दुधनाकाठ, सध्या मुक्काम गोवा

आहे. सरदार सरोवरानंतर पावसाळा सोडून इतर महिन्यांत नर्मदेतून खाली येणारे पाणी पुष्कळ घटले आणि भरूचच्या परिसरात खारेपणा नदीत वर सरकला. तिथल्या मच्छीमारांची मुख्य मासळी म्हणजे हिल्सा. ती समुद्रात वाढते आणि अंडी घालायला गोड्या पाण्याकडे नदीत चढते, त्यामुळे हा बदल त्यांना थेट भोवला. खारे पाणी वर येऊ नये म्हणून आता भाडभूत येथे नदीवर बॅरेजचे काम हाती घेतलेले आहे. त्याने गोड्या पाण्याचा साठा होईल, पण बॅरेजच्या वरच्या भागाचा समुद्राशी मोकळा संबंध तुटेल, म्हणजे वर सांगितलेली दुसरी अट सुटून तेवढा भाग एस्च्युअरी राहणार नाही. किती पाणी वळवता येईल हा प्रश्न प्रत्येक खाडीसाठी वेगळा मोजावा लागतो आणि त्यावर एकच उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

वाघूरकाठ, सोयगाव

सीनाकाठ यांनी 'जवळजवळ सगळे' असे लिहिले ते बरे झाले, कारण आमचा सोयगाव तालुका त्याला अपवाद आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर उत्तरेला जळगाव जिल्ह्यात उतरते आणि तापीला मिळते. म्हणजे मराठवाड्यातून निघून एस्च्युअरीत पोहोचणारे पाणी दाखवायचे असेल तर लेण्यांसमोरची ती घोड्याच्या नालेसारखी दरी दाखवावी. सहल बहुतेक शाळांची तिथे जातेच.

मांजराकाठ, लातूर

हे उदाहरण मी नक्की वापरीन. शेवटची एक व्यावहारिक शंका आहे. कोऱ्या नकाशावर तापीची एस्च्युअरी मुलांनी कुठून कुठपर्यंत रंगवावी? मुखाशी ठिपका दिला तर पुरेसे आहे, की सुरतपर्यंत रेघ ओढावी?

दुधनाकाठ, सध्या मुक्काम गोवा

शालेय नकाशाच्या प्रमाणात सुरतपासून डुमसजवळच्या मुखापर्यंत रंगवले तर बरोबर होईल. एरवी एस्च्युअरीची वरची हद्द ऋतूप्रमाणे मागेपुढे होते, आणि भरतीमुळे पाण्याची पातळी हलते ती जागा खारेपणा पोहोचतो त्याच्याही वर असते, त्यामुळे कोणती हद्द धरायची याबाबत लेखकांचे एकमत नसते. तापीपुरता हा वाद माणसानेच मिटवला आहे. सुरत शहरात सिंगणपोर येथे नदीवर बंधारा आणि त्यावरून रस्ता असे एकत्र बांधकाम आहे आणि भरतीचे खारे पाणी एरवी त्याच्यापाशी अडते. वाघूरचे पाणी उकाईचे धरण आणि काकरापारचा बंधारा ओलांडून तिथपर्यंत गोडेच येते. रेघ त्या बंधाऱ्यापासून खाली ओढावी.